प्राण आणि प्राणवायू

२०२१ च्या एप्रिल महिन्यात माझे वडील जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात ऑक्सिजनवर होते. दमा त्यांना फार जुना. त्यात करोनाची भर पडली. बोटाला लावलेल्या यंत्रावर ८८ आकडा दिसला की आमच्या पोटात खड्डा पडे, आणि ९२ दिसला की जिवात जीव येई. आवारातल्या बाकड्यावर बसलो असताना आमचे एक वयोवृद्ध आप्त मला धीर देण्यासाठी म्हणाले, "अण्णांनी रोज कपालभाती केली असती तर ही वेळ आली नसती. प्राणायामानं शरीरातला प्राणवायू वाढतो." मी काही बोलले नाही. त्या वेळी बोलण्याचे त्राणही नव्हते. वडील सुदैवाने घरी परतले. आठवडाभराने एका संध्याकाळी त्यांनी मला विचारले, "मला श्वास घ्यायला कधी नीट जमलंच नाही, म्हणून झालं का गं हे?"

हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. एका विषाणूने आणि एका जुनाट विकाराने जे केले, त्याचा दोष एक म्हातारा माणूस स्वतःच्या साधनेच्या अभावाला देत होता. असा दोष मनात रुजवणारे आपण सर्व जण कोणत्या समजुतीच्या आधारावर बोलतो, हे तपासून पाहावे असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. मी भाषेची शिक्षिका असल्याने माझा शोध साहजिकच एका शब्दापासून सुरू होतो.

१७७४ साली प्रीस्टलीने आपल्या प्रयोगांत जो वायू वेगळा केला, त्याला त्या काळच्या युरोपात काही जण 'जीवनदायी हवा' म्हणत. पुढे लाव्हाझिएने त्याला 'ऑक्सिजन', म्हणजे आम्ल उत्पन्न करणारा, असे नाव दिले. सर्व आम्लांच्या मुळाशी हाच वायू असतो ही त्यामागची समजूत नंतर चुकीची ठरली, पण नाव टिकले. आपल्याकडे रसायनशास्त्र मराठीत आणताना या वायूसाठी 'प्राणवायू' हा शब्द योजला गेला. त्याच्याच आधारे 'कर्बद्विप्राणिद'सारखे जडजंबाल शब्दही घडले. परिभाषा म्हणून 'प्राणवायू' हा शब्द उत्तमच. शाळेतल्या मुलाला तो सांगावा लागत नाही, आपोआप उमगतो. अडचण इतकीच की ही जागा रिकामी नव्हती. योगग्रंथांत 'प्राणवायू' हा शब्द शतकानुशतके वेगळ्याच अर्थाने नांदत होता. नव्या अर्थाने जुन्या अर्थाला घराबाहेर काढले, आणि आता जुने ग्रंथ वाचतानाही आपण नवाच अर्थ त्यांत घालून वाचतो.

जुना अर्थ कोणता? 'अन्' म्हणजे श्वास घेणे या धातूपासून प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान हे पाचही शब्द निघाले. परंतु पुढच्या परंपरेने त्यांना नेमून दिलेली कामे पाहा. प्राण हृदयाशी, अपान अधोभागी, समान नाभीपाशी, उदान कंठात आणि व्यान सर्वांगात. अन्नाचे पचन समानाकडे, मलमूत्राचे विसर्जन अपानाकडे. नाकातून आत-बाहेर करणाऱ्या हवेला ही कामे कशी सोपवता येतील? येथे 'वायू' या शब्दाचा रोख पदार्थापेक्षा गतीकडे आहे. देहात जे जे हलते, चालते, वाहते, वर चढते, खाली उतरते, त्याच्या मागची प्रेरणा असा तो अर्थ आहे.

छांदोग्य आणि बृहदारण्यक या दोन्ही उपनिषदांत इंद्रियांच्या भांडणाची गोष्ट आहे. श्रेष्ठ कोण, असा वाद पडला. वाणी एक वर्ष देह सोडून गेली. परत येऊन पाहते तो माणूस मुक्यासारखा का होईना, जगत होता. मग डोळा गेला, कान गेला, मन गेले. देह त्यांच्यावाचूनही तगला. शेवटी प्राण निघू लागला. उमदा घोडा निघताना पायबंदाचे खुंटे जसे उपटून नेतो, तशी सगळी इंद्रिये मुळापासून हलली. ती हात जोडून म्हणाली, तू जाऊ नकोस, आमच्यात श्रेष्ठ तूच. तेव्हापासून, असे उपनिषद सांगते, सर्व इंद्रियांना 'प्राण' हेच नाव पडले. म्हणजे पाहणे हाही प्राण, ऐकणे हाही प्राण. मराठीत आपण 'पंचप्राण एकवटून' ऐकतो म्हणतो, तेव्हा त्या गोष्टीचे काहीतरी आपल्या जिभेवर उरलेले असते.

याहून घरगुती पुरावा माझ्या लहानपणीच्या स्वयंपाकघरात होता. वडील जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवीत, चित्राहुती घालीत, आपोशन घेत आणि मग पाच प्राणांची नावे घेऊन भाताचे पाच लहान घास न चावता गिळीत. या प्राणाहुती. छांदोग्याच्या पाचव्या अध्यायात या विधीचा विचार आलेला आहे. येथे प्राणाला अर्पण होतो तो भात, हवा नव्हे. प्राण म्हणजे ऑक्सिजन असे मानले तर हा सारा विधी निरर्थक ठरतो.

आता प्राणायामाकडे वळू. पतंजलीने योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात त्याला फार थोडी सूत्रे दिली आहेत. आसन साधल्यावर श्वास-प्रश्वासाच्या गतीला खंड पाडणे, तो खंड स्थळ, काळ आणि संख्या यांनी पारखणे, तो दीर्घ आणि सूक्ष्म होऊ देणे. आणि याचे फळ काय, तर प्रकाशावरचे आवरण क्षीण होणे आणि मन धारणेला योग्य होणे. अधिक हवा आत भरण्याचा तेथे मागमूस नाही. रोख उलट दिशेने, श्वास विरळ होत जाण्याकडे आहे.

आरोग्याची भाषा ठळकपणे येते ती हठयोगाच्या ग्रंथांत. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाची 'हठप्रदीपिका' उघडली की दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, आज घरोघरी प्राणायाम म्हणून केली जाणारी कपालभाती तेथे प्राणायामात मोडतच नाही. ती धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या पंक्तीतली एक शुद्धिक्रिया आहे. आणि या क्रिया मेद व कफ अधिक असलेल्यांनी आधी कराव्यात, इतरांना त्यांची गरज नाही, असेही तो ग्रंथ सांगतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सिंह, हत्ती किंवा वाघ जसा हळूहळू माणसाळवावा तसा वायू ताब्यात आणावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असा तेथे इशारा आहे. चुकीच्या अभ्यासाने होणाऱ्या विकारांची यादीही आहे, आणि त्या यादीत उचकी व खोकल्याबरोबर श्वास, म्हणजे दमाही आहे. ज्या परंपरेचा हवाला देऊन दमेकऱ्याला दोष दिला जातो, ती परंपरा स्वतः इतकी सावध होती.

या संदर्भात महाराष्ट्राला विसर पडावा असे एक नाव नाही: स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. यौगिक क्रिया क्ष-किरणांखाली आणि दाबमापकासमोर आणून पाहण्याची त्यांची उमेद त्या काळात विलक्षण होती. प्राणायामात शरीर किती ऑक्सिजन घेते आणि किती कर्बवायू सोडते, हेही त्यांनी मोजले. प्राणायामाने ऑक्सिजनचा साठा वाढतो ही समजूत या मोजमापात टिकली नाही, आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. प्राणायामाचे मोल अन्यत्र शोधावे लागेल, असे त्यांचे म्हणणे. योगावर आयुष्य ओवाळून टाकलेल्या माणसाने योगाच्या बाजूने जाणारी सोयीची समजूत नाकारावी, याला मी खरी निष्ठा म्हणते. त्यांचे हे काम १९३० च्या दशकातले. आपण मात्र अजून तीच समजूत एकमेकांना पाठवीत बसलो आहोत.

कारण साधेच आहे. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन नेहमीच्या श्वासानेच ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि उच्छ्वासात सुमारे १६ टक्के शिल्लक राहतो. आत आलेला सगळाच आपण वापरत नाही. भराभर श्वास घेतल्याने भरलेल्या भांड्यात आणखी पाणी मावत नाही. उलट रक्तातला कर्बद्विप्राणिद उणा होऊन मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. त्या चकरेलाच अनेक जण शक्तीचा संचार समजतात. संथ श्वासाचा परिणाम मात्र खरा आहे. २००१ मध्ये इटलीतील पाविया येथील संशोधकांनी लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारलेली दिसली. तसे पाहिले तर काकडआरतीला भान हरपून गाणाऱ्या आजीचा श्वासही असाच लांबत असेल.

यावर एक रास्त आक्षेप येतो. शब्दाचा अर्थ चुकला म्हणून काय बिघडले? त्या निमित्ताने माणसे दहा मिनिटे शांत बसतात, हे काय थोडे झाले? मी स्वतः रोज पहाटे अनुलोम-विलोम करते, त्यामुळे या आक्षेपातील तथ्य मला मान्य आहे. पण चुकीच्या अर्थाची किंमत कुणीतरी मोजत असते. २०२० मध्ये दहा सेकंद श्वास रोखता आला तर करोना नाही, असा निरोप घरोघरी फिरत होता. तसे करून निदान होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेला सांगावे लागले. श्वसनाच्या व्यायामांनी दमेकऱ्याला काहीसा आराम मिळू शकतो, पण ते त्याच्या पंपाची जागा घेऊ शकत नाहीत. आणि प्राण ही मोजून वाढवण्याची वस्तू ठरली, की आजारी पडणारा माणूस आळशी ठरतो. विज्ञानाचे प्रमाणपत्र मिळवण्याच्या घाईत आपण प्राणाला एका वायूएवढा लहान करतो आणि त्या वायूविषयीही चुकीचे बोलतो. दोघांचाही त्यात अवमान आहे.

मराठीला हा फरक मनातून ठाऊक आहे. श्वास आपण घेतो, सोडतो, रोखतो. तो आपल्या क्रियेचा विषय आहे. प्राण मात्र कासावीस होतो, कंठाशी येतो, कुणावर जडतो, कशात तरी गुंततो. त्याच्यापुढे आपण कर्ते नसतो. फारसीतून आलेल्या 'दम' या शब्दाचा मूळ अर्थ श्वास. त्यातूनच 'दमा' आला, आणि 'दम धर' हे धीराचे बोलही. कुणाला दम धर म्हणताना आपण त्याच्या फुफ्फुसांची परीक्षा घेत नसतो. आपण त्याच्या सोबत थांबत असतो.

त्या संध्याकाळी वडिलांना मी एवढेच म्हटले, "अण्णा, तुम्ही जन्मभर प्रत्येक जेवणाला पाच प्राणांना घास दिलात. तुमचं काही चुकलं नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हो, ते मात्र कधी चुकवलं नाही." आणि पंप घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला.