पाण्याखालचा गोंगाट

खाडीत बुडी मारली की मचवा दिसण्याआधीच त्याचे इंजिन कानात घुमू लागते, हे आमच्या मालवणकडच्या पोरांना सांगावे लागत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. हवेतल्याच्या चौपटीहून अधिक वेगाने.

माझे बाबा मच्छीमार बोटीवर खलाशी आहेत. पावसाळ्यात वर ओढलेल्या बोटीच्या पंख्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसत. लहानपणी मला वाटे, मासे चावत असावेत! खरे कारण कॉलेजात आल्यावर ग्रंथालयात सापडले. (कलाशाखेच्या विद्यार्थ्याने विज्ञानाच्या कपाटाला हात लावू नये असा नियम नाही.) पंखा जोरात फिरला की पात्यालगत दाब इतका उतरतो की थंड पाणीसुद्धा तिथे उकळते. त्या वाफेचे बुडबुडे जास्त दाबाच्या पाण्यात जाताच चिरडतात. त्या धक्क्याने धातू खरवडला जातो, आणि आवाज होतो. मोठ्या मालवाहू जहाजांच्या गोंगाटात याचाच वाटा मोठा असतो, आणि त्याची खर्जातली घरघर नेमकी देवमाशांच्या बोलण्याच्या पट्टीत येते.

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरील हल्ल्यानंतर कॅनडाच्या बे ऑफ फंडीत जहाजांची वर्दळ घटली, आवाज ६ डेसिबलने उतरला. त्याच दिवसांत गोळा केलेल्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाची संप्रेरके कमी आढळली. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सांडलेले तेल वर्षानुवर्षे राहते. हा गोंगाट मात्र पंखा मंदावताच उतरतो. मग उपाय का होत नाही?

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये सुधारल्या. पण त्या ऐच्छिक! व्हँकुव्हर बंदर २०१७ पासून कमी आवाजाच्या जहाजांना शुल्कात सवलत देते. मुंबई आणि न्हावाशेवा बंदरांनी निदान तेवढे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वसतिगृहातला मित्र म्हणतो, "पोटाची भ्रांत असलेल्या देशात देवमाशांचे लाड कशाला?" पण मासळीलाही कान असतात, आणि आमचे पोट मासळीवरच आहे. शिवाय बहुतेक जहाजांचा वेग कमी केला की आवाजाबरोबर तेलही वाचते.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना हे सारे सांगितले. जाळे विणता विणता त्यांनी एवढेच विचारले, "झिला, ह्यां त्या जहाजवाल्यांका ठावक आसा काय?"

"आसा," मी म्हटले.