सब्र एकट्या मुलीनेच का करायचा?

‘थोडा सब्र कर, बेटा. मूल झालं की सुधारेल.’

परदेशात नांदणाऱ्या मुलीने रडत फोन केला की आपल्या घरांतून बहुधा हेच उत्तर जाते. पुढे कधीतरी मार असह्य होतो. ती मुलगी घर सोडते, तिथल्या कायद्याकडे दाद मागते आणि तिच्या वाट्याला दुसरा सब्र येतो. हा सब्र सरकारी कागदाचा असतो. या काळात तिला माहेरच्यांची सर्वांत जास्त गरज असते, आणि नेमका तेव्हाच आपला धीर सुटतो. ‘अजून काहीच झालं नाही ना? मग ये परत,’ असे आपण म्हणू लागतो.

हा लेख मी अमेरिकेपुरता लिहीत आहे. पुण्या-मुंबईहून लग्न होऊन तिकडे गेलेल्या मराठी मुली, मुसलमान आणि इतरही, पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकींचे तिथे राहणे नवऱ्याच्या कागदांवर टिकलेले असते. जुलमी नवऱ्याचे खरे हत्यार हेच असते. ‘पोलिसांत गेलीस तर तुझे कागद रद्द करीन’ या एका वाक्यावर तो वर्षानुवर्षे बायकोला गप्प ठेवू शकतो.

हे हत्यार काढून घेण्यासाठी अमेरिकेने १९९४ साली स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा केला. नवरा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर छळ झालेली पत्नी त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज स्वतः करू शकते. अर्जाची बातमी त्याला देण्यास इमिग्रेशन खात्याला कायद्याने मनाई आहे. ठरावीक एकच पुरावा हवा, अशी अटही नाही. विश्वासार्ह वाटेल असा कोणताही पुरावा विचारात घेतला जातो.

नवरा स्वतःच नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असेल, तर मात्र हा मार्ग बंद असतो. अशा स्त्रीसाठी २००० सालच्या कायद्याने आणलेला यू व्हिसा आहे. घरगुती हिंसाचारासारख्या गुन्ह्याची जी बळी आहे आणि तपासाला जी मदत करते, तिला तो मागता येतो. त्यासाठी पोलिसांसारख्या यंत्रणेचे सहीचे प्रमाणपत्र लागते. शिवाय एच-४वर असलेल्या पीडित पत्नीला कामाचा परवाना मागण्याची वेगळी सोय आहे. तिची तरतूद २००६ सालापासून कायद्यात होती. तिच्यासाठीचे अर्ज स्वीकारायला २०१७ साल उजाडले.

कायदा झाला, पण रांग हलत नाही. पत्नीने स्वतः केलेल्या अर्जाचा निकाल लागायला अलीकडे तीन वर्षांहून अधिक काळ जातो. यू व्हिसाची स्थिती आणखी वाईट आहे. मुख्य अर्जदारांना वर्षाला फक्त १०,००० व्हिसा देता येतात. प्रलंबित अर्जदार दोन लाखांवर आहेत. भागाकार कुणालाही जमेल. आज अर्ज करणाऱ्या बाईचे तान्हे मूल कॉलेजात जाईपर्यंत तिचा क्रमांक लागेलच, असे नाही. मर्यादा ज्या वर्षी ठरली, त्यानंतर पाव शतक उलटले. आकडा तोच आहे. जी व्यवस्था पीडितेला ‘पुढे ये, आम्ही आहोत’ म्हणते आणि मग वर्षानुवर्षे ताटकळत ठेवते, ती नकळत छळणाऱ्यालाच बळ देते. ‘बघ, काय मिळालं तुला?’ असे तो विचारू शकतो. माझा पहिला आक्षेप त्या व्यवस्थेवर आहे.

दुसरा आक्षेप आपल्यावर आहे. रांग लांब आहे म्हणजे दार बंद आहे, असा अर्थ आपण काढतो. तसे नाही. स्वतः केलेला अर्ज प्राथमिक तपासणीत योग्य ठरला, तर तसे पत्र मिळते आणि काही सरकारी मदतीसाठी ते उपयोगी पडते. नवरा अमेरिकी नागरिक असेल, तर त्याच वेळी ग्रीन कार्डाचाही अर्ज करता येतो आणि त्या आधारे कामाचा परवाना मागता येतो. यू व्हिसाच्या रांगेतल्या ज्यांचे अर्ज सद्हेतूचे ठरतात, त्यांना २०२१ पासून वाट पाहत असतानाच कामाचा परवाना मिळू शकतो. धोरणे बदलत राहतात, म्हणून प्रत्येक पाऊल इमिग्रेशनच्या जाणकार वकिलाला विचारूनच टाकावे. ‘लवकर करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला लांबच ठेवावे.

घाईने काय बिघडते, हेही आपण समजून घेतले पाहिजे. ‘ये परत’ म्हणणे सोपे आहे. पण परवानगीशिवाय देश सोडला, तर ग्रीन कार्डाचा प्रलंबित अर्ज सोडून दिला असे मानले जाऊ शकते. सहा महिन्यांहून अधिक काळ बेकायदा राहणे झाले असेल, तर बाहेर पडल्यावर तीन वर्षे आणि वर्षाहून अधिक झाले असेल तर दहा वर्षे पुन्हा प्रवेशाला बंदी लागू शकते. मूल सोबत आणले, तर ताब्याचा खटला दोन देशांत चालू शकतो. मुलांच्या अपहरणासंबंधीच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही, त्यामुळे तो गुंता आणखी वाढतो.

‘दुसरा निकाह लावून देऊ’ हीदेखील अशीच घाई. स्वतः केलेला अर्ज मंजूर होण्याआधी तिने पुनर्विवाह केला, तर तो अर्ज नामंजूर होतो. घटस्फोट झाला असेल, तर अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. नवऱ्याने फोनवर तलाक पाठवला, तर ही मुदत सुरू झाली की नाही, हे मोहल्ल्यात बसून ठरत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. मेरिलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली पाकिस्तानी दूतावासात दिलेला तलाक मानायला नकार दिला होता. पंचायतीत ‘फैसला’ करण्याआधी तिच्या वकिलाला विचारले पाहिजे, ते यासाठी.

मग आपण करायचे काय? पुष्कळ काही. निकाहनामा बहुधा इथेच, आईच्या कपाटात असतो. तो उर्दूत असेल, तर त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह लागते. ते करून पाठवा. तिने रडत केलेले फोन, पाठवलेले फोटो आणि मेसेज कुणीही पुसू नयेत. आई-वडिलांनी काय ऐकले, कधी ऐकले, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे. ‘घराण्याची इज्जत’ म्हणून आपण सही टाळतो, तेव्हा मुलीचा एक पुरावा कमी होतो. तिचा नवा पत्ता आणि नंबर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. तो जावयापर्यंत पोहोचायला एक फॉरवर्ड पुरतो.

तिथे हात देणारेही आहेत. न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते. न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’, कॅलिफोर्नियात ‘मैत्री’ आहे. आपल्याकडे राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांसाठीचा कक्ष आहे. ही नावे मुलीला पाठवणीच्या दिवशीच द्यावीत. दागिन्यांची यादी आपण करतोच, तिच्या शेजारी ही चार नावे लिहायला काय हरकत आहे?

आणि पैसा. कामाचा परवाना येईपर्यंत भाडे, वकील, मुलाचे दूध हे सगळे कुणीतरी भरायचे असते. लग्नात पाचशे माणसे जेवू घालणारे आपले नातेवाईक या वेळी कुठे असतात?

जुलूम सोसत राहणे याला सब्र म्हणायचे आपण आता थांबवले पाहिजे. जुलमातून बाहेर पडून कागदाची वाट पाहणारी मुलगी सब्रच करत आहे. दर आठवड्याला तिला फोन करा, आणि ‘कागद आले का?’ याच्याआधी ‘जेवलीस का?’ असे विचारा.