मँचेस्टरचा ‘पुनर्जन्म’ कोणासाठी?

मँचेस्टरचा ‘पुनर्जन्म’ झाला, असा डांगोरा ब्रिटनमधील भांडवली वृत्तपत्रे आणि जमिनीचे व्यापारी गेली तीन दशके पिटत आहेत. काजळलेली धुराडी गेली, काचेचे मनोरे आले. २०१८ साली उभा राहिलेला डीन्सगेट स्क्वेअरचा मनोरा तर २०१ मीटर उंच आहे. दृश्य पालटले, यात वाद नाही. ते कोणाच्या लाभासाठी पालटले, हा प्रश्न येताच मात्र या मंडळींची लेखणी अडखळते.

फ्रेडरिक एंगल्स १८४२ च्या अखेरीस या शहरात आले. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंग्लंडमधील कामगारवर्गाची स्थिती’ या ग्रंथात त्यांनी तेथील रस्त्यांचे वर्गीय मर्म उघड केले. उपनगरातील बंगल्यातून बाजारपेठेत जाणाऱ्या गिरणीमालकाच्या वाटेवर दुतर्फा दुकानांची रांग असे. तिच्यामागची कामगारवस्ती त्याच्या दृष्टीसही पडत नसे. मेडलॉक नदीच्या वळणावर, गिरण्यांच्या भिंतींआड, ‘लिटल आयर्लंड’ नावाच्या वस्तीत सुमारे दोनशे घरांत चार हजार माणसे कोंबलेली होती.

लपवण्याची ही कला इमारतींनीही साधली आहे. १६ ऑगस्ट १८१९ रोजी सेंट पीटर्स मैदानावर सुमारे साठ हजार श्रमिक स्त्रीपुरुष संसदेत प्रतिनिधित्व मागण्यासाठी जमले. त्यांच्यावर घोडदळ घालण्यात आले. किमान १५ जण ठार झाले, शेकडो जखमी झाले. त्याच भूमीवर १८५३ ते १८५६ या काळात भांडवलदारांनी आपल्या खुल्या व्यापाराच्या विजयाचे स्मारक, ‘फ्री ट्रेड हॉल’, बांधले. पुढे तेथे जी पाटी लागली, तिच्यावर सभा लष्कराने ‘पांगवली’ एवढेच लिहिले होते. मृतांचा उल्लेख नाही! नागरिकांनी चळवळ केली, तेव्हा कुठे २००७ साली ती पाटी बदलली. तोवर, २००४ मध्ये, दर्शनी भिंत तेवढी राखून त्या सभागृहाचे आलिशान हॉटेल झालेले होते.

रॉयल एक्स्चेंज या कापूसबाजाराची कथा थोडक्यात सांगता येते. १९६८ अखेर व्यवहार बंद पडले, १९७६ पासून तेथे नाट्यगृह आहे. अखेरच्या दिवशीच्या भावांचा फलक अजून वर तसाच आहे. अमेरिकेतील यादवीच्या काळात (१८६१ ते १८६५) वऱ्हाड-खानदेशचा कापूस लँकेशायरच्याच चात्यांसाठी गेला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या गळ्यात सावकाराचा फास तेवढा उरला. त्या हिशेबाचा फलक मात्र कोणी जपलेला नाही.

जुन्या वस्त्या पाडायलाच हव्या होत्या. त्यांच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण त्यांच्या जागी काय दिले? ह्यूममध्ये चाळी पाडून १९७२ पर्यंत अर्धवर्तुळाकार महाकाय इमारती उभारल्या गेल्या. त्यांना थोर वास्तुशास्त्रज्ञांची नावे दिली, पण भिंतींतून ओल झिरपत होती. विजेवर घरे उबदार ठेवण्याची सोय १९७३ च्या तेलसंकटानंतर भाडेकरूंना परवडेनाशी झाली. १९९० च्या दशकात त्या इमारतीही जमीनदोस्त झाल्या. दोन पिढ्यांत दोनदा वस्ती उठली. दोन्ही वेळा निर्णय रहिवाशांचा नव्हता.

आज अँकोट्समध्ये १७९८ च्या मरे गिरणीसह जुन्या गिरण्यांत महागडे फ्लॅट आहेत. भिंती वाचल्या हे चांगलेच झाले. पण ज्यांच्या पूर्वजांनी तेथे सूत कातले, त्यांना तेथील भाडे झेपेल काय? २०१७ मध्ये युक्रेनमधून एंगल्स यांचा सोव्हिएतकालीन पुतळा आणून शहरात बसवला गेला. आता हॉटेले आणि कचेऱ्या त्याच्या सोबतीला आहेत. पुढच्याच वर्षी ‘गार्डियन’ने (हे पत्र १८२१ साली याच शहरात जन्मले) हिशेब मांडला: आधीच्या दोन वर्षांत महापालिकेने मंजूर केलेल्या मोठ्या प्रकल्पांतील चौदा हजारांहून अधिक घरांपैकी एकही घर सरकारी व्याख्येनुसार परवडणारे नव्हते. त्या महापालिकेत बहुमत मजूर पक्षाचे होते.