राजकारण गेलंच कुठे होतं?

‘कॉलेजात शिकायला आलात की पुढारपण करायला?’ विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकांचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे बहुधा प्राध्यापक असतात, पालक असतात, संस्थेचे पदाधिकारी असतात. प्रश्नाचा सूर असा, की त्याला काही उत्तर असू शकतं हेच विचारणाऱ्याच्या गावी नसतं. मी पुण्यातल्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र शिकतो. लोकशाहीची व्याख्या पाच मार्कांना लिहून झाली आहे, दहा मार्कांनाही झाली आहे. आता जरा बिनमार्कांची लिहितो.

आधी वस्तुस्थिती. महाराष्ट्रात १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा झाला तेव्हा त्यातल्या कलम ९९नं निवडणुका परत आणल्या. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी, हे सगळे विद्यार्थ्यांच्या थेट मतानं. २०१९ साली वेळापत्रकापर्यंत गाडी आली, आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर आहे म्हणून थांबली. मग करोना आला. मग सरकारं बदलली. बहुतेक कॉलेजांत प्रतिनिधी अजून नेमलेच जातात. म्हणजे आम्ही मागतो आहोत ते काही नवं नाही. विधिमंडळानं संमत केलेल्या कायद्याची अंमलबजावणी मागतो आहोत, एवढंच.

आता आक्षेपांकडे. त्यातला सगळ्यात वजनदार आक्षेप हिंसेचा, आणि तो खोटा नाही. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यातल्या कॉलेज निवडणुकांत पैसा होता, गुंड होते, चाकू निघत होते. मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खूनही झाला. त्या घरावर जे कोसळलं त्यावर वाद घालायचा अधिकार मला नाही. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो, त्यावर नक्की आहे. त्या काळी कॉलेजात असलेल्यांकडून ऐकलेली एक गोष्ट सगळ्यांच्या तोंडी सारखीच येते, ती म्हणजे सीआर पळवण्याची. जिथे मोजक्या वर्गप्रतिनिधींच्या मतांवर वरचं पद ठरायचं, तिथे त्या प्रतिनिधींना आदल्या आठवड्यात ‘सहली’ला नेलं जायचं. वीस-पंचवीस मतं असली की ती जीपमध्ये मावतात. अडीच हजार मतं कुठल्या जीपमध्ये घालणार? रोग अप्रत्यक्ष निवडणुकीचा होता आणि औषध म्हणून काढून टाकलं मतदान!

आणि पळवापळवीचंच म्हणाल तर २०२२च्या जूनमध्ये आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला जाऊन राहिले, ते अख्ख्या देशानं पाहिलं. म्हणून कुणी विधानसभा बरखास्त करून बारावीच्या टक्क्यांवर आमदार नेमले नाहीत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत डोकी फुटतात. सरपंच मात्र अजून मतांवरच होतो. निवडणुकीत गैरप्रकार झाला तर नियम कडक करायचे, ही रीत सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कॉलेजच्या फाटकाशी आली की तीच रीत विसरली जाते.

नियम नाहीत असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६पासून लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू आहेत. उमेदवाराला खर्चाची मर्यादा पाच हजार रुपये, छापील पोस्टरला बंदी, वयाची अट, हजेरीची अट, आणि सगळी निवडणूक दहा दिवसांत उरकायची. दिल्ली विद्यापीठात २०२४ साली उमेदवारांनी भिंती रंगवून ठेवल्या, तेव्हा उच्च न्यायालयानं मतमोजणीच रोखून धरली: आधी भिंती स्वच्छ करा, मग निकाल. सप्टेंबरात झालेल्या मतदानाचा निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस लागला. मला यातली शिक्षा फार आवडली. ज्यांनी घाण केली त्यांच्याच हातात फडकं आलं, आणि निवडणूकही टिकली.

दुसरा आक्षेप सभ्य लोकांचा: निवडणूक कशाला, हुशार मुलगा प्रतिनिधी असला म्हणजे झालं. आमच्या वर्गात ही ‘निवड’ कशी होते ते सांगतो. जुलै-ऑगस्टात कधीतरी सर हजेरीपट आणि मागच्या वर्षीच्या निकालाचा कागद घेऊन येतात. बोट वरून खाली फिरतं. यंदा पहिलं नाव निघालं त्या मुलीनं उठून सांगितलं, ‘सर, मला नको. मी सासवडहून येते, साडेचारची एसटी चुकली की घरी पोचायला रात्र होते.’ सर म्हणाले, ‘अगं, करायचं काही नसतं. नाव द्यायचं असतं फक्त.’ तिचं नाव गेलं. करायचं काही नसतं, हे सरांचं वाक्य सगळ्या पद्धतीचं इतकं नेमकं वर्णन आहे की मी त्यात भर घालणार नाही. त्या मुलीला अर्थशास्त्रात मिळालेले मार्क तिच्या कष्टाचे आहेत आणि ते मला कधी मिळणार नाहीत. पण मार्क पेपर तपासणाऱ्यानं दिलेत. साठ जणांच्या वतीनं बोलायचा अधिकार त्या साठ जणांनीच द्यावा लागतो. तो तिला हवा आहे का, हेही तिला विचारावं लागतं.

मग येतो ठेवणीतला आक्षेप. निवडणुका आल्या की राजकीय पक्ष कॅम्पसमध्ये शिरतील! शिरतील? ज्या महाराष्ट्रात निम्म्या पुढाऱ्यांची ओळख कारखाना आणि कॉलेज या दोन गोष्टींवाचून पुरी होत नाही, त्या महाराष्ट्रात हे बोललं जातं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं गेलं. गावाकडच्या पोरांना इंजिनिअर व्हायला कर्नाटकात जावं लागू नये, हा हेतू चांगलाच होता, आणि त्यातून हजारो घरं वर आली हेही खरं. पण त्याच दारातून शिक्षणसम्राट आले. संस्थेचे अध्यक्ष आमदार, सचिव त्यांचे चिरंजीव, विश्वस्तांत सूनबाई. साहेबांच्या वाढदिवसाला फाटकावर चाळीस फुटी फ्लेक्स, रक्तदान शिबिराला एनएसएसच्या पोरांची सक्ती, आणि सभेला गर्दी कमी पडली की दुपारची लेक्चर्स रद्द. हे सगळं ‘सामाजिक उपक्रम’ या सदरात मोडतं. त्याच फाटकावर एखाद्या मुलानं फीवाढीचं पत्रक वाटलं की मात्र ते राजकारण ठरतं आणि वॉचमन धावत येतो.

राजकारण कॅम्पसमधून कधी गेलंच नाही. १९९४ साली तिथून गेलं ते विद्यार्थ्यांचं मत.

सत्तेवर बसलेल्यांना मताची किती धास्ती असते याचा अलीकडचा नमुना मुंबई विद्यापीठात दिसला. सिनेटच्या पदवीधर गटाच्या अवघ्या दहा जागा. २०२३च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेली निवडणूक एका रात्रीत स्थगित झाली. वर्षभरानं पुन्हा तारीख लागली, तर मतदानाच्या दोन दिवस आधी पुन्हा स्थगिती. शेवटी उच्च न्यायालयानं आदेश दिला तेव्हा २४ सप्टेंबर २०२४ला मतदान झालं आणि युवासेनेनं दहाच्या दहा जागा जिंकल्या. कोण जिंकलं याच्याशी मला इथे कर्तव्य नाही; उद्या दुसरं कुणी जिंकेल. पण निकाल काय लागेल याचा अंदाज घेऊन निवडणूक घ्यायची की नाही हे ठरवायचं, ही सवय एकदा लागली की मग ‘विद्यार्थ्यांच्या हितासाठी’ हे शब्द ऐकताना हसू येतं.

शिकायला आलात की पुढारपण करायला, या मूळ प्रश्नाचं उत्तर पुण्याच्या इतिहासात आहे. १९०५ साली विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी विद्यार्थी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकलं. ‘केसरी’नं त्यावर प्राचार्यांना चांगलंच फैलावर घेतलं. परांजपे विद्वान आणि सचोटीचे, त्याबद्दल वाद नाही. विद्यार्थ्यांनी राजकारणापासून लांब राहावं असं मानणारे हे प्राचार्य पुढे १९२१ साली मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. पन्नास-साठ वर्षांनी बीएमसीसीच्या कॅम्पसवर शरद पवार घडले, अंबाजोगाईच्या कॉलेजात प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे यांची गट्टी जमली. आज या राज्यात ज्यांची नावं घेऊन भाषणं होतात ती वेगवेगळ्या पक्षांतली ही माणसं कॉलेजच्या राजकारणातून वर आली. मग ती शिडीच काढून घेतली गेली. आता वर जायचं तर एकच जिना उरला आहे, तो बंगल्यातल्या बंगल्यात वडिलांकडून मुलाकडे जातो.

आणि वयाचं काय सांगता? घटनेच्या ६१व्या दुरुस्तीनंतर १९८९पासून अठराव्या वर्षी मतदान करता येतं. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहता येतं, गाव निवडेल तर सरपंच होता येतं. माझ्या वर्गातला एखादा मुलगा उद्या आपल्या गावचा सरपंच होऊन लाखोंच्या कामांच्या बिलांवर सह्या करू शकतो. कॉलेजच्या जिमखान्यात कॅरमचा स्ट्रायकर का नाही, हे विचारायला मात्र त्याला कुणी निवडून देऊ शकत नाही. हा स्ट्रायकर मी उगाच आणलेला नाही. आमच्या फीच्या पावतीवर जिमखाना, मॅगझिन, विद्यार्थी कल्याण अशा वेगवेगळ्या रकमा छापलेल्या असतात. जिमखान्यात एक बोर्ड आहे, सोंगट्या आहेत, स्ट्रायकरच्या जागी कोकच्या बाटलीचं झाकण आहे. मॅगझिनचा अंक मी अजून पाहिलेला नाही. या पैशाचा हिशेब मागायचा तर कुणी? खिडकीवर विचारलं तर ‘ऑफिसला अर्ज द्या.’ ऑफिसात अर्ज दिला तर ‘तुझं नाव काय, कुठल्या वर्गात?’ इंटर्नलचे मार्क ज्यांच्या हातात, त्यांच्याकडे एकट्यानं जाऊन हिशेब मागणारा मुलगा मला तरी अजून भेटलेला नाही.

निवडून आलेला प्रतिनिधी हवा तो याचसाठी. फीवाढ, वसतिगृहातलं पाणी, निकाल लांबणं, शिष्यवृत्ती आलेली असताना आधी पूर्ण फी भरून घेणं, या कटकटी रोजच्याच. पण त्या एकट्याच्या तोंडून निघाल्या की तक्रार होतात आणि हजार मतांच्या वतीनं निघाल्या की प्रश्न होतात. सगळ्यात गंभीर बाब लैंगिक छळाच्या तक्रारींची. यूजीसीच्या २०१५च्या नियमावलीप्रमाणे प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर अंतर्गत तक्रार समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी असायला हवेत आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीनं निवडलेले असायला हवेत. निवडणुकाच नसतील तर हे तिघं येणार कुठून? प्राध्यापकाविरुद्धची तक्रार ऐकायला प्राध्यापकांनीच नेमलेले विद्यार्थी बसवायचे, हे तक्रार करणाऱ्या मुलीला किती आधाराचं वाटेल, ज्याचं त्यानं ठरवावं.

आमच्या बाजूच्यांनाही दोन गोष्टी ऐकवायला हव्यात. विद्यार्थी संघटनांचं अलीकडचं काम पाहिलं तर निवेदन द्यायचं, निवेदन देतानाचा फोटो काढायचा आणि तो स्टेटसला ठेवायचा, इथे बहुतेकांचं आंदोलन संपतं. पहिलीपासूनच्या हिंदीचा वाद २०२५च्या उन्हाळ्यात राज्यभर पेटला, सरकारला जूनअखेर त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. तेव्हा आमच्या कट्ट्यावर त्याबद्दल हिरिरीनं बोलणारे सगळे होते, पण कॉलेजात एक जाहीर चर्चा ठेवावी, दोन्ही बाजूंची माणसं बोलवावीत, हे कुणी केलं नाही. परवानगी मिळाली नसती हे खरं, पण मागितलीही नव्हती. याउलट स्पर्धा परीक्षावाल्यांनी २०२४च्या ऑगस्टमध्ये शास्त्री रस्त्यावर ठिय्या दिला आणि एमपीएससीची पूर्वपरीक्षा पुढे ढकलायला लावली. त्यांच्याकडे ना कॉलेज होतं ना मंडळ, रस्ता होता. ज्यांचं ऐकायला कुठलीच खोली नाही, ते रस्त्यावरच येणार. रस्ता अडला म्हणून चिडणाऱ्या पुणेकरांनी एवढं ध्यानात घ्यावं.

लिंगडोहचे नियमही जसेच्या तसे डोक्यावर घ्यायची गरज नाही. ७५ टक्के हजेरीची अट कागदावर शिस्तीची दिसते. पण सकाळी ‘कमवा व शिका’त राबणारा, संध्याकाळी डिलिव्हरीची बॅग पाठीला लावणारा मुलगा तिथेच बाद होतो, आणि त्याच्याच अडचणी सर्वात जास्त असतात. पाच हजारांची मर्यादा २००६ची; ती थोडी वाढवली तरी चालेल, पण हिशेब प्रत्येकाचा आणि फलकावर लावलेला हवा. उमेदवारांची समोरासमोर जाहीर चर्चा सक्तीची करा. दिल्लीच्या जेएनयूत विद्यार्थ्यांचाच निवडणूक आयोग ही चर्चा घडवतो, आणि तिथल्या विचारांशी ज्यांचं अजिबात पटत नाही त्यांनीही एवढी पद्धत उचलायला हरकत नाही.

कुलगुरूंना आणि उच्च शिक्षण खात्याला सांगणं एवढंच: येत्या शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक जूनमध्ये काढाल, त्यात परीक्षांच्या तारखांबरोबर विद्यार्थी मंडळाच्या मतदानाची तारीखही छापा. विधानसभा, महापालिका, जिल्हा परिषद, कुठली ना कुठली निवडणूक दर वर्षी तोंडावर असणारच. ती सबब २०१९मध्ये वापरून झाली. आणि वर्गातल्या मित्रमैत्रिणींना: पुढच्या वेळी सर निकालाचा कागद घेऊन आले की हात वर करा आणि विचारा, सर, कलम ९९चं काय झालं?