माथा कोणाचा?
पाणलोट शिकवताना मी फळ्यावर आधी लिहितो, ‘माथा ते पायथा’. उपचार वरून करत खाली यायचं. शिरूरच्या मुलांना ते लगेच पटतं. उन्हाळ्यात त्यांच्या विहिरी आटतात. दौंडच्या, मुळा-मुठेकाठच्या एका मुलीनं मात्र विचारलं, ‘‘सर, आमच्या नदीचा माथा म्हणजे पुणे शहर. तिथं समतल चर कोण खोदणार?’’

मी निरुत्तर झालो. शहराचं सांडपाणी याच नदीतून भीमेत आणि पुढं उजनीत जातं. जलपर्णी त्याचीच खूण. आता आमची मुलं पाण्यातला ऑक्सिजन मोजतात. ते आकडे प्रात्यक्षिकाच्या गुणांपुरते राहू नयेत, ग्रामसभेत वाचले जावेत. पायथ्यानं मोजलं, तरच माथ्याला जाब विचारता येईल.