आरोग्यविचार : सायकल आणि बधिर होणारीं बोटें

धाराशिव येथील एका भगिनींचा प्रश्न या महिन्यांत आमच्यापुढें आहे. त्यांचे यजमान दर रविवारीं पहाटे सायकलीनें तुळजापुरास जाऊन येतात. रक्तांतील साखर वाढल्यामुळें डॉक्टरांनीं व्यायाम सांगितला. इतर सर्व व्यायाम आठ दिवसांत सुटले, हा तेवढा टिकला. परंतु अलीकडे अर्ध्या वाटेवर करंगळी व अनामिका बधिर होतात, आणि सोमवारीं सदऱ्याचीं बटणें लावतांना बोटें दगा देतात. मामंजी म्हणतात, सायकल विकून टाकावी. धाकटे दीर म्हणतात, जाड हातमोजे घ्यावे. खरें कोणाचें?

आमच्या मतें दोघांचेंही नाहीं. या दोन बोटांना संवेदना पुरविणारा मज्जातंतु कोपरामागून उतरून तळहाताच्या करंगळीकडील बुंध्याशीं एका अरुंद बोगद्यांतून जातो. फ्रेंच शस्त्रवैद्य गुयों यांनीं १८६१ सालीं त्याचें वर्णन केलें, म्हणून तो त्यांच्या नांवानें ओळखला जातो. सायकलस्वाराचा भार नेमका याच जागीं हँडलावर पडतो. मनगट मागें मुडपलेलें, खालून रस्त्याचे हादरे, त्यांत उतारावर ब्रेक आवळलेला. तंतु चेपला गेल्यास नवल तें काय? (अंगठा, तर्जनी व मधलें बोट बधिर होत असेल तर दबला आहे तो दुसरा तंतु.) प्रारंभीं हात झटकला कीं मुंग्या जातात, म्हणून कोणी मनावर घेत नाहीं. महिनोन् महिने दुर्लक्ष केल्यास मात्र बोटांतील लहान स्नायूंची शक्ति जाते, आणि ती परत येण्यास फार काळ लागतो. क्वचित् ती पुरती येतही नाहीं.

हाताचें हें दुखणें हातांत न शोधतां बैठकींत शोधावें. सीटचें टोंक खालीं झुकलेलें असेल तर स्वार सतत पुढें घसरतो, आणि घसरण थोपविण्याचें काम तळहातांना करावें लागतें. म्हणून प्रथम सीटवर गवंड्याची पाणसळ ठेवून पहावी. मग उंची. पॅडल सर्वांत खालीं असतां त्यावर टाच टेकवावी. गुडघा जेमतेम सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूस कलूं नये. मापानेंच करावयाचें तर जांघेपासून जमिनीपर्यंतची अनवाणी लांबी ०.८८३ नें गुणावी. ती ८० सेंटिमीटर असेल तर पॅडलांच्या मधल्या आंसापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारें ७०.६ सेंटिमीटर येतात. हा आंकडा आरंभापुरता मानावा. देह कांहीं गणित वाचून घडलेला नसतो.

यापुढील गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. हँडल दूर वाटूं लागलें कीं मनुष्य सीट पुढें सरकवितो. हात जवळ येतात खरे, परंतु शरीराचा तोलही पुढें येतो आणि तळहातांवरील भार वाढतोच. प्रत्यय पहावयाचा असल्यास टाचा व पाठ भिंतीला लावून उभें राहावें आणि कंबरेंत पुढें वांकावें. मागें सरण्यास जागा नसल्यामुळें तोल जातो व हात टेकण्यास आपोआप पुढें धांवतात. तेंच भिंतीपासून दूर वांकलें तर कांहींच होत नाहीं. यासाठीं सीट जागच्या जागीं, किंबहुना किंचित् मागें ठेवून हँडलच जवळ व उंच घ्यावें. आंखूड स्टेम बसवून हें साधतें. एका वेळीं एकच बदल करावा, आणि तोही चार-पांच मिलिमीटरांचा.

हातमोजे, हँडलावरील जाड पट्टी, टायरांत थोडी कमी हवा, कोपरें सैल आणि दर थोड्या वेळानें पकड बदलणें, हीं सर्व उपयोगी खरीं. पण त्यांचा मान बैठकीनंतरचा. पुण्या-मुंबईस माप बसवून देणारे तज्ज्ञ आहेत. ते सायकल एका जागीं उभी करून स्वाराला ती चालवावयास लावतात आणि चित्रफितीवर सांध्यांचे कोन मोजतात. खर्च बराच येतो, तरी दर आठवड्यास लांब जाणाऱ्यास तो व्यर्थ नव्हे. विक्रेत्यानें स्वाराची काळजी वाहणें आमच्याकडे नवें नाहीं. १८८८ सालीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढणारे किर्लोस्कर बंधु सायकल विकीत, तसेच ती चालविण्यासही शिकवीत.

सायकल चार दिवस बंद ठेवूनही बधिरता राहिली तर मात्र सायकलीवर आळ घेऊं नये. मधुमेहानें तंतु दुबळे होतात, तेव्हां या यजमानांनीं डॉक्टरांना हात दाखवावाच. शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ आढळते. तिची रक्ततपासणी होते. अंगावर स्पर्श न कळणारा फिकट चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी विनासंकोच करावी. तो औषधानें बरा होतो, पण उशीर झाल्यास गेलेली संवेदना परत येईलच असें नाहीं.

पत्रांत एक गोष्ट ओझरती आली आहे. आठवडाभर हीच सायकल पुतण्या शिकवणीला नेतो, आणि तो काकांहून बराच उंच आहे. सीटच्या दांड्यावर दोघांच्या मापाच्या खुणा दोन रंगांच्या चिकटपट्टीनें करून ठेवाव्या, आणि शनिवारीं रात्रीं सीट आपल्या खुणेवर आणूनच सायकल ताब्यांत घ्यावी.