धमन्या आणि ड्युटीचा तक्ता

बेंगळुरूच्या बन्नेरघट्टा रस्त्यावरील जयदेव हृदयरोग संस्थेच्या दारात २०२५ च्या जुलैमध्ये मोठ्या रांगा लागल्या होत्या. हासन जिल्ह्यात सुमारे चाळीस दिवसांत वीसहून अधिक माणसे हृदयविकाराने गेल्याच्या बातम्या आल्या, त्यांत तरुण बरेच, आणि धडधाकट माणसेही तपासणीसाठी धावली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी गेले तेव्हाही असेच घडले होते. हासनच्या मृत्यूंची चौकशी कर्नाटक सरकारने संस्थेचे संचालक डॉ. के. एस. रवींद्रनाथ यांच्या समितीकडे सोपविली. मृत्यूंची संख्या एकाएकी वाढल्याचे समितीला आढळले नाही. पुढे आली ती जुनीच कारणे: तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा. मात्र मृतांत वाहनचालक नजरेत भरावेत इतके होते. या संस्थेने २०१७ पासून चाळिशीच्या आत झटका आलेल्या रुग्णांची वेगळी नोंद ठेवली आहे. तिच्यातही चालकांचा भरणा मोठा आहे.

तासन् तास एका जागी बसणे, रात्रीचे जागरण, अवेळी जेवण, वेळेचा धाक. हे वर्णन टॅक्सीवाल्याचे आहे खरे, पण इंजिनावरच्या लोको पायलटला किंवा आर.एम.एस.मध्ये रात्रभर टपाल वर्गीकरण करणाऱ्या साथीला ते आपलेच वाटेल.

आपल्या रक्तवाहिन्या वयाबरोबर ताठर होतात. त्यांच्या आतल्या अस्तरात चरबीचा थर साचायला मात्र तरुणपणीच सुरुवात होते, आणि वर्षानुवर्षे त्याची काही कुरबुर नसते. मग एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूचा पुरवठा तुटतो. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ या बोलण्याला इथे फारसा अर्थ नाही. रक्तदाब वाढला तरी दुखत नाही, साखर वाढली तरी बहुधा दुखत नाही. आपल्या देशातल्या माणसाला हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दशकभर आधी गाठतो, तेव्हा ‘पन्नाशीनंतर बघू’ हा हिशेबही चुकीचा.

या विषयातले कित्येक पायाभूत अभ्यास आपल्याच धंद्यांतल्या माणसांवर झाले आहेत. लंडनचे डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले की दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक होतो, आणि पायी वा सायकलीवर टपाल वाटणाऱ्या पोस्टमनपेक्षा टेबलावरच्या कारकुनांना अधिक. अमेरिकेत १९६२ साली रेल्वेचे कारकून आणि रुळांवर राबणारे गँगमन यांची तुलना झाली, निष्कर्ष तोच. आपल्याकडे पश्चिम रेल्वेचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९५८ ते १९६२ या काळातले देशभरच्या रेल्वे कामगारांचे मृत्यू तपासले. दक्षिणेत हृदयविकाराने मरणारे उत्तरेपेक्षा कित्येक पटींनी अधिक निघाले, आणि वयानेही लहान. खाण्यातले तेल-तूप आणि चावून खाण्याची सवय यांवरून त्यांनी लावलेली उपपत्ती पुढे सर्वांना पटली नाही. तरी एवढ्या कामगारांची नोंद रेल्वेच्या दप्तरात होती आणि एका रेल्वे डॉक्टरने ती वाचली, ही गोष्ट मोलाची. आज ती कोण वाचतो?

कारण सवयींपाशी विषय संपत नाही. लंडनच्या सरकारी नोकरांच्या पाहणीत सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपायांचे हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत वरच्या साहेबांच्या तिपटीहून अधिक निघाले. धूम्रपान आणि रक्तदाब हिशेबात धरले तरी ती तफावत पुसली गेली नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली सांगितले की आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यास पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी वाढतो. दक्षिण रेल्वेच्या लोको पायलटांनी २०२४ साली साप्ताहिक विश्रांतीसाठी आणि सलग रात्रपाळ्या दोनवर आणण्यासाठी आंदोलन केले, त्याकडे आम्ही आरोग्याची मागणी म्हणूनही पाहतो. प्रशासन मात्र त्यात शिस्तभंग शोधत बसले.

आणखी एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. रनिंग स्टाफमधले अनेक साथी रक्तदाब लपवितात. वैद्यकीय तपासणीच्या आदल्या आठवड्यात गोळ्या, पथ्य, आणि शिक्का मिळाला की पुन्हा पूर्ववत. ‘अनफिट’ ठरलो तर मायलेज बुडेल, घराचा हप्ता कोण भरेल, ही भीती खोटी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, पर्यायी काम द्यावे लागते, वेतनश्रेणी राखावी लागते. पण मायलेजची भरपाई पुरती होत नाही. ती व्हावी, म्हणजे माणूस डॉक्टरपुढे खरे बोलेल. तोवर लपवाछपवीबद्दल एकट्या कामगाराला दोष देणे आम्हांस मान्य नाही.

ग्रामीण डाक सेवकाची अवस्था याहून बिकट. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मिळणारी आरोग्य योजना त्याला नाही. २०२३ च्या डिसेंबरमधील संपात वैद्यकीय सुविधेची मागणी होती ती उगीच नव्हे.

सरकारी दवाखान्यातून काय होऊ शकते याचा दाखला रेल्वेपाशीच आहे. भारतातली पहिली बायपास शस्त्रक्रिया १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात केली. २०२५ च्या जानेवारीत त्यांचे बेंगळुरूत निधन झाले. कर्नाटक सरकारने पुनीत राजकुमारांच्या नावाने ‘हृदयज्योती’ योजना काढून गुठळी विरघळविणारे महागडे इंजेक्शन तालुका रुग्णालयांत मोफत ठेवले आहे. झटक्यानंतरचे पहिले तास मोलाचे असतात, हे त्यामागचे साधे गणित. मग रेल्वेच्या विभागीय रुग्णालयांत, जंक्शनच्या आरोग्य केंद्रांत हे इंजेक्शन आणि रात्रीही ईसीजी काढणारा माणूस का नसावा?

आपल्या हाती जे आहे त्याला मात्र कुणाच्या परिपत्रकाची वाट पाहू नये. तंबाखू-चुन्याची डबी आणि विडी आजच टाकावी. विडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. तिशीनंतर दरसाल रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासावे. छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ आली तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून ड्युटी पुरी करीत बसू नये. शाखांनी पुढच्या गेट मीटिंगला डॉक्टर बोलवावा, रक्तदाबाचे यंत्र मागवावे, आणि आपल्या डेपोत, आपल्या टपाल विभागात गेल्या पाच वर्षांत सेवेत असताना हृदयविकाराने किती जण गेले, कोणत्या पाळीत, किती तासांच्या ड्युटीनंतर, याची यादी करून आमच्याकडे पाठवावी. प्रशासनाशी बोलताना ती आम्हांस टेबलावर ठेवायची आहे.